डिगीसरांचा कान

दिगंबर म्हणजे आमचे डिगीसर, आणि सुलभावहिनी. ही दोन नावं आधी लिहून टाकतो. पुढचं लिहायला लागलो की हात कचरेल, आणि या दोघांनी माझ्यासाठी काय केलं तेच सांगायचं राहून जाईल. ते राहिलं तर बाकीचं सांगून तरी काय उपयोग?

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. साकोलीला आई आहे, तिला नाही. एकदा स्वारगेटला बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून मोकळं व्हावं असं फार वाटलं होतं. तोंड उघडलंही होतं — तेवढ्यात त्याची बस आली.

तुमची बस येईपर्यंत ऐका.

मी आठवीतून शाळा सोडली. साकोलीहून चुलतभावाबरोबर पुण्याला आलो आणि हडपसरला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागलो. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी जळून यायच्या. जळकी तांब्याची तार काढायची, नवी भरायची, मग मोटार व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायची, म्हणजे आतले वेढे घट्ट चिकटून बसतात, थरथरत नाहीत. हात चांगला होता माझा. पण भीती — भीती कायम पोटात. आमचं तिकडचं बोलणं ऐकून लोक हसायचे. 'काय करून राहिला' म्हटलं की दुकानातली पोरं दिवसभर तेच घोकायची. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. चूक झाली तर परत पाठवतील, एवढंच डोक्यात. परत गेलो असतो तर काय झालं असतं? काही नाही. पण ते आज कळतं.

डिगीसर त्या दुकानात आले ते कापडी पिशवीत एक जळका ट्रान्सफॉर्मर घेऊन. त्यांच्या गिटारच्या अँप्लिफायरचा. खांद्यापर्यंत पांढरे होत आलेले केस आणि पायांत कोल्हापुरी चपला. मालक म्हणाला, असलं काम आम्ही करत नाही. मी मागून म्हणालो, मी करतो. का म्हणालो, देव जाणे. सर एकदा माझ्याकडे, एकदा मालकाकडे बघून म्हणाले, "हा करतो म्हणतोय, तुम्ही नाही म्हणताय. दुकान नक्की कोणाचं?"

केलं. ते परत आले आणि म्हणाले, "वाजतंय. आश्चर्य आहे." पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते, हे मला नंतर कळलं.

पुढे त्यांनीच मला नेलं. नवी पेठेत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या — पुढच्या खोलीत ते गिटार शिकवायचे, दुरुस्त्या करायचे, मागच्या खोलीत मी राहायचो. वर त्यांचं आणि वहिनींचं घर. मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय साकोलीकर!" म्हणायचे. पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली. वहिनी रोज मऊ भात घेऊन जिना उतरायच्या आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत दारात उभ्या राहायच्या. "टाकलास तर तुझ्या आईला फोन करीन," म्हणायच्या. आईकडे फोन नव्हता, त्यांना ते माहीत होतं. तरी मी टाकला नाही.

आणि सरांनी मला ऐकायला शिकवलं. हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावरच येऊन पडणार आहे. डोळे मिटायला लावायचे, एक सूर वाजवायचे, मग तोच सूर दुसऱ्या गिटारवर. विचारायचे, काय फरक? मी म्हणायचो, पहिला जाड आहे. जाड म्हणजे? मी म्हणायचो, घोंगडीसारखा. ते हसायचे. "तुझा कान चांगला आहे रे. शाळेनं बिघडवायच्या आत सोडलीस ते बरं केलंस." असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. शाळा सोडल्याबद्दल शरमच वाटायची, आणि हा माणूस तीच गोष्ट उचलून माझ्या अंगावर शालीसारखी घालत होता.

सरांच्या दोन कॅसेट निघाल्या होत्या, मी पुण्यात येण्याच्या कितीतरी आधी. दुसऱ्या कॅसेटमध्ये शब्दांशिवायची एक गत होती, नाव 'खडकवासला'. धरणाच्या भिंतीवर बसून सुचलेली. पुण्यातल्या कॉलेजांत गिटार हातात घेणारा प्रत्येक पोरगा तिची सुरुवात वाजवून बघायचाच. मधे एक सूर आहे तिच्यात, लांबच लांब धरलेला. धरता धरता तो कडेनं फाटायला लागतो — धरणाचा दरवाजा उघडल्यावर पाणी आधी एकसंध दिसतं आणि खाली येता येता त्याचं धुकं होतं, तसा. लोक त्या एका सुरासाठी ती कॅसेट लावायचे.

तो सूर निघायचा सरांच्या जुन्या तांबड्या गिटारमधून. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक चपटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की आत वीज हलते, तोच आवाज. सरांच्या गिटारमधला पिकअप विकतचा नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी घरात बसून केलेला. वहिनींच्या शिलाई मशीनचं हाताचं चाक वहिनी फिरवत होत्या आणि सर बोटांमधून तार सोडत होते. वहिनी सांगायच्या, मधेच हसू यायचं आणि चाक कधी भरभर, कधी हळू फिरायचं. त्यामुळे वेढे पडले ते असे आडवेतिडवे, कुठे सैल, कुठे घट्ट. सर म्हणायचे, "हे वाइंडिंग नाही, हा संसार आहे." वहिनी म्हणायच्या, "म्हणूनच मधेमधे शिट्टी मारतो."

शिट्टी मारायचा खरा. आवाज फार वाढवला की पिकअपमधले सैल वेढे थरथरायचे आणि अँप्लिफायरमधून कर्कश शीळ यायची. एवढी वर्षं सरांनी ती सांभाळून घेतली होती. मग ती कंपनी आली.

गिटार बनवणारी बाहेरगावची कंपनी. त्यांना डिगीसरांच्या नावाची गिटार काढायची होती — तसाच तांबडा रंग, तसाच आकार, डोक्यावर सरांची सही. त्यांची माणसं येऊन जुनी गिटार उघडून मोजणार, पिकअपचीही नक्कल करणार. आणि गिटार बाजारात येईल त्याच सुमारास सर 'खडकवासला' पुन्हा रेकॉर्ड करणार. वहिनींनी आनंदानं आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. सर म्हणाले, "कंपनीचं डोकं फिरलंय." पण सहीचा सराव करताना मी त्यांना बघितलं होतं. जुन्या वर्तमानपत्रावर, पुन्हा पुन्हा.

स्टुडिओत शीळ नको, म्हणून सरांनी पिकअप माझ्या हातात दिला. स्पष्ट सांगितलं — मेण कोमट करायचं, त्यात थोडा वेळ ठेवायचा, काढायचा. फक्त मेण. मग दोघं नाशिकला वहिनींच्या भाचीच्या लग्नाला गेले.

आता इथून पुढचं मी केलेलं.

मला वाटलं — मेण? मेणानं काय होतंय? उन्हाळ्यात पघळेल. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी बांधून दिलेला माणूस मी, मेणबत्तीवर कसला विश्वास ठेवतो? सरांसाठी पक्कं काम करायचं होतं मला. जन्मभर शीळ येणार नाही असं. त्यांनी विचारावं, काय केलंस रे, आणि मी सांगावं. तर मी पिकअप रुमालात गुंडाळला, हडपसरची बस धरली, जुन्या दुकानात गेलो आणि तो व्हार्निशमध्ये बुडवून एका पंपाच्या मोटारीशेजारी भट्टीत ठेवला. ओळखीची पोरं होती, त्यांच्याशी गप्पा मारत बसलो. चहाही प्यायलो.

बाहेर काढला तेव्हा डबीची एक बाजू वाकली होती. व्हार्निशमधल्या थिनरनं जुन्या तारेवरचा लेप खाल्ला होता. मीटर लावलं. सुई हलली नाही. पुन्हा लावलं. एक पोरगा खांद्यावरून वाकून म्हणाला, "मेलाय ना हा? टाक फेकून, कुठल्या मिक्सरचा आहे?"

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. नाशिकचा नंबर खिशात होता.

मी ती तार कापून काढली. सगळी. शिलाई मशीनवर हसत हसत गुंडाळलेली ती तार — पुंजका झाला हातात, काळपट. नवी तार आणली, डबी सरळ केली, चुंबक तेच ठेवले आणि नवं वाइंडिंग भरलं. मोटारीला भरतो तसं. वेढ्याला वेढा लागून, थरावर थर, कुठे फट नाही. वरून मेण लावलं, थोडी धूळ चोळली, गिटारमध्ये बसवून टाकला. आणि खरं सांगू का? फार सुबक झालं होतं. क्षणभर मला अभिमान वाटला. हीच गोष्ट लिहायला सगळ्यात जड जातेय.

वाजवून बघितलं. शीळ गेली होती. सूर स्वच्छ, घासलेल्या भांड्यासारखा. लांब धरला तर लांब राहत होता, सरळ, शेवटपर्यंत. फाटत नव्हता. मला लगेच कळलं. ऐकायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच गिटारवर मला ते कळलं.

सर लग्नाहून आले, अंगात ताप घेऊन. दोन-चार दिवस गिटारला हात लावला नाही. मधल्या काळात कंपनीची माणसं येऊन पिकअप मोजून गेली. माझ्यासमोर. एकजण म्हणाला, जुन्या काळात इतकं सफाईदार काम करायचे, कमाल आहे. मी चहाचे कप उचलले.

मग स्टुडिओ. एरंडवण्यात होता. मी बरोबर होतो, दर वेळी असायचोच. सरांनी वाजवायला सुरुवात केली, त्या सुराशी आले आणि थांबले. पुन्हा वाजवलं. थांबले. तारा बदलल्या. केबल बदलली. अँप्लिफायर बदलला. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला पोरगा म्हणाला, "सर, एकदम टॉप वाजतंय." सर म्हणाले, "टॉप गिअर असतो बाळा. मी आवाजाबद्दल विचारतोय." सगळे हसले. मीही हसलो.

मग ते मला बाहेर जिन्यात घेऊन आले. दुपार होती, खाली एक बाई कढीपत्ता निवडत बसली होती. सर पायरीवर बसले, मला शेजारी बसवलं. असे कधी ते माझ्याशी बोलले नव्हते, इतके हळू. म्हणाले, "हे बघ, ती पोरं मला बरं वाटावं म्हणून बोलतात. तू बोलणार नाहीस. तू सांग. मला तो सूर ऐकू येत नाहीये. मेणानं शीळ जाते, सूर जात नाही. गिटार तीच आहे, हात तोच आहे. तुला येतोय का?"

ते त्यांचा कान माझ्या हातात देत होते. विश्वासानं. पुण्यात इतके वाजवणारे, ऐकणारे, आणि त्यांनी विचारलं ते मला — आठवीतून शाळा सोडलेल्या साकोलीकराला.

मी म्हणालो, "तोच आहे, सर. अगदी तोच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ओळखलं. ओळखलं असतं तर किती बरं झालं असतं. पण त्यांनी मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठले. "मग माझंच गेलं म्हणायचं."

आत जाऊन त्यांनी गत पूर्ण केली. त्या सुराच्या जागी डोळे मिटले नाहीत त्यांनी. काचेकडे बघत राहिले, पोरांच्या चेहऱ्यावरून बरं की वाईट हे वाचत. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं सांगितलं की या वयात वरचे बारीक आवाज थोडे कमी होतातच, काळजीचं कारण नाही. सगळ्यांचेच होतात. पण सरांना ते पुरलं. त्यांना हवा होता तो पुरावा मिळाला — माझ्या साक्षीच्या जोडीला डॉक्टरची साक्ष.

नव्या गिटार बाजारात आल्या. सुंदर होत्या. प्रत्येकीत माझ्या वाइंडिंगची नक्कल, आणि डोक्यावर सरांची सही. नवं रेकॉर्डिंगही आलं. कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं की डिगीचे हात म्हातारे झाले, जुन्या 'खडकवासला'मधला जीव यात नाही. सरांनी जेवताना तो मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला, एखादी बातमी वाचावी तसा. वहिनी म्हणाल्या, "मेल्याला काय कळतंय?" सर म्हणाले, "नाही, नाही. कळणारा माणूस आहे. आमटी वाढ."

मी तिथेच होतो. ताटावर बसलो होतो. तेव्हाही सांगता आलं असतं.

हळूहळू त्यांनी कार्यक्रम घेणं बंद केलं. मग शिकवणं. पोरं यायची, तर म्हणायचे, "ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो तुम्हाला काय ऐकवणार? क्रिकेट खेळा." तांबडी गिटार खोळीत गेली. वहिनी एकदा खाली आल्या, माझ्या खोलीत, भात आणायच्या तेव्हा जिथे उभ्या राहायच्या तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अरे, तू तरी समजाव ना त्यांना. तुझं ऐकतात ते. सांग की तुमचा कान चांगला आहे." रडत नव्हत्या, पण पदर सारखा नीट करत होत्या.

मी वर गेलो आणि समजावलं. काय समजावलं? की सर, वय झालं की होतं असं, तरी तुम्ही वाजवा, लोकांना आवडतं. म्हणजे मी पुन्हा तेच सांगितलं — कान गेलाय तुमचा. फक्त गोड करून सांगितलं. ते म्हणाले, "साकोलीकर, तुम्ही फार चांगले आहात."

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. पण कंपनीनं नंतर त्या गिटारचे पिकअप बांधायचं काम मलाच दिलं. शिफारस सरांनी केली. 'याच्याइतका कान कुणाला नाही' असं ते म्हणाले होते. आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. हाताखाली माणसं आहेत. लोक मुलांना घेऊन येतात, म्हणतात, डिगींच्या गिटारचे पिकअप हे करतात. मी त्यांना थांबवत नाही.

भीतीनं केलं का? उपकार होते म्हणून तोंड उघडलं नाही का? रोज वेगळं कारण सापडतं मला, आणि प्रत्येक कारण खरं वाटतं. म्हणून एकही लिहीत नाही. एका माणसाचा कान शाबूत होता. त्यानं मला विचारलं. मी खोटं बोललो. त्याची उरलेली गिटार मी खाल्ली.

परवा गेलो होतो नवी पेठेत. दर महिन्याला जातो, फळं घेऊन. सर खिडकीशी बसलेले असतात. आता त्यांना खरंच ऐकू येत नाही — दोन्ही कानांत मशिनं आहेत, तीही अर्धा वेळ काढून ठेवलेली असतात. वहिनी त्यांच्याशी ओरडून बोलतात. "बरं चाललंय का रे तुझं?" सरांनी विचारलं. मी मान हलवली. मान हलवणं सोपं असतं. वहिनी माझ्यासाठी शिऱ्याची वाटी घेऊन आल्या आणि मी ती संपवली.

मी हे त्यांना सांगणार आहे. कधी, ते नक्की लिहीत नाही, कारण आजवर ठरवलेला प्रत्येक दिवस मी चुकवलाय. पण सांगणार, आणि दोघं समोर असताना सांगणार. त्या जिन्यात तुम्ही जे म्हणत होतात ते बरोबर होतं, सर. तो सूर खरोखरच नव्हता. मी मोडला होता. एवढंच आहे माझ्याजवळ त्यांना द्यायला, बाकी सगळं त्यांचंच दिलेलं आहे. आता हे हळू आवाजात सांगता येणार नाही. खूप मोठ्यानं, ओरडून सांगावं लागेल, कदाचित दोनदा, तीनदा. जिन्यातून जाणारे थांबतील, समोरच्या गॅलरीतले ऐकतील. तरी सांगीन.